शून्य तास

पिक्रिक ॲसिडचा पिवळा डाग बोटांवरून लवकर जात नाही. साबण लावा, लिंबू चोळा, तो आपल्या वेळेनेच जातो. 2009 च्या पावसाळ्यात माझ्या उजव्या हाताची तीन बोटं कायम पिवळी असायची. डोंबिवली लोकलमध्ये समोर बसलेल्या एका बाईंनी एकदा कौतुकाने विचारलं, "हळद लागली वाटतं?" मी मान डोलावली. लेडीज डब्यातल्या त्या गर्दीत "नाही हो, उंदरांना नंबर घालते" असं सांगायची माझी हिंमत नव्हती.

एम. फार्म.चं दुसरं वर्ष चालू होतं. पांढरे उंदीर एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. म्हणून कापसाचा बोळा पिक्रिकच्या पिवळ्याजर्द पाण्यात बुडवायचा आणि खुणा करायच्या. एकाच्या डोक्यावर, दुसऱ्याच्या पाठीवर, तिसऱ्याच्या शेपटीवर, चौथ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर, पाचव्याच्या पाठीवर आणि शेपटीवर, सहावा कोरा. एका गटात सहा उंदीर हा आपल्याकडच्या फार्माकॉलॉजीचा जणू घटनेतच लिहिलेला आकडा आहे. माझे गट पाच. एकूण तीस उंदीर.

आमच्या कॉलेजात एसी दोनच ठिकाणी होता, प्राचार्यांच्या केबिनमध्ये आणि ॲनिमल हाऊसमध्ये. आम्ही वर्गात घामाघूम व्हायचो आणि उंदीर बावीस डिग्रीत, मक्याच्या कणसाच्या भुशावर पाय पसरून झोपायचे. दिवा बारा तास चालू, बारा तास बंद, घड्याळावर. त्या खोलीचा कारभार मामांकडे. मुंबईच्या कॉलेजांत आणि दवाखान्यांत अटेंडंटला मामाच म्हणतात, नाव कुणी विचारत नाही. मीही कित्येक महिने विचारलं नव्हतं. मूळचे कणकवलीकडचे. मराठीत माऊसही उंदीरच आणि रॅटही उंदीरच, पण मामांच्या तोंडी एक 'बारको' आणि दुसरा 'मोठो'. माझे मोठे, विस्टार जातीचे, दोनशे ग्रॅमच्या आसपास. पहिल्या दिवशी माझा हात थरथरताना बघून मामा म्हणाले, "घाबरून धरलंस तर चावतलो. पोर उचलून घेतंस तसो धर." त्यानंतर मला एकदाच चावला, आणि तेव्हा चूक माझी होती.

हे तीस उंदीर असेच मिळाले नव्हते. प्राण्यांवरच्या क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा, त्याखाली प्रयोगांसाठीचे नियम 1998 चे. त्यानुसार प्रत्येक संस्थेत एक नीतिसमिती असते आणि तिच्यापुढे 'फॉर्म बी' भरावा लागतो. हेच प्राणी का, इतकेच का, आधी कुणी हे केलंय का, दुखणार असेल तर त्यावर काय देणार, देणार नसाल तर का नाही, शेवटी कसं मारणार. समितीतल्या एका बाईंनी मला चांगलंच घाम फुटेपर्यंत विचारलं, "तीसच का? चोवीस का नाहीत?" मी आकडेशास्त्राचं काहीतरी सांगितलं. खरं उत्तर 'आमच्या सीनियरनी तीस घेतले होते' हे होतं.

त्या दिवसांत प्रयोगाच्या रात्री उशीर झाला की मी डोंबिवलीला न जाता लालबागला भाऊंकडे झोपायला जायचे. भाऊ म्हणजे माझे थोरले काका. तेव्हा बेस्टमध्ये कंडक्टर होते. चाळीतल्या दोन खोल्या, बाहेर सामायिक गॅलरी, खाली मागची गल्ली. रात्री अकरानंतर त्या गल्लीत टॉर्चचा झोत फिरायचा आणि काठीचा एकच आवाज यायचा. महापालिकेचे उंदीर मारणारे लोक. हातात काठी, टॉर्च आणि पोतं, आणि रात्रीचा कोटा माणशी तीस उंदरांचा. भाऊंना या आकड्याची भारी गंमत वाटायची. "तुझे पण तीस, त्याचे पण तीस," गॅलरीत बिडी ओढता ओढता ते म्हणायचे, "त्याला एका रात्रीत लागतात, तुला वर्ष लागतं. आणि त्याला फॉर्म भरावा लागत नाही."

तर माझ्या प्रयोगातला रोग. ॲक्यूट पॅनक्रियाटायटिस, मराठीत तीव्र स्वादुपिंडदाह. स्वादुपिंड हा शब्द इतका चवदार आहे की त्यात काही वाईट होऊ शकेल असं वाटतच नाही. जठराच्या मागे, मणक्याला टेकून आडवी पडलेली ही ग्रंथी. डायबेटिसमुळे लोकांना इन्सुलिन माहीत असतं, पण तिचं मोठं काम वेगळं आहे. मटण, डाळ, तूप पचवणारी पाचकद्रव्यं ती बनवते, आणि ती स्वतःच मांसाची बनलेली असल्यामुळे ही द्रव्यं कुलूप लावून ठेवते. ट्रिप्सिन हे त्यातलं म्होरक्या. ग्रंथीत ते ट्रिप्सिनोजेन या निरुपद्रवी रूपात असतं, लहान आतड्यात पोचल्यावर कुलूप निघतं. कधी पित्ताचा खडा वाटेत अडकतो, कधी दारू घात करते, आणि कुलूप घरातच निघतं. मग ग्रंथी स्वतःला पचवू लागते. चरबी पचवणारं द्रव्य आसपासच्या चरबीवर पडलं की त्यातली आम्लं रक्तातलं कॅल्शियम धरतात आणि पोटात अक्षरशः साबण तयार होतो. सर्जन लोक त्याचे खडूच्या शिंतोड्यांसारखे पांढरे ठिपके बघतात.

स्वादुपिंड स्वतःला पचवतं, ही कल्पना प्रागमधल्या हान्स कियारी या विकृतिशास्त्रज्ञाने 1896 मध्ये मांडली. त्याच वर्षी इथे मांडवीला प्लेगचे रोगी सापडले, आणि मग हाफकिन आले, लस आली, प्लेगची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. उंदरावरच्या पिसवा माणसाला प्लेग देतात हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्याच प्रयोगांनी पक्कं केलं. माणसाच्या दुखण्याचं उत्तर उंदराला विचारायची परळला जुनी सवय आहे. मी रोज तिथेच उतरायचे.

पंचाईत अशी की उंदराला हा रोग आपणहून होत नाही. मोठ्या उंदराला, म्हणजे रॅटला, पित्ताशयच नसतं, मग पित्ताशयातले खडे कुठले? दारू पाजून बघा, नुसत्या दारूने त्याचं स्वादुपिंड सहसा ढिम्म हलत नाही. म्हणून रोग आपण घडवायचा. 1856 मध्ये क्लोद बर्नारने कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नळीत पित्त आणि ऑलिव्हचं तेल सोडलं होतं. त्यानंतर लोकांनी अनेक वाटा काढल्या. सर्वांत लाडकी वाट एका बेडकाच्या पाठीवरून जाते. ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या झाडबेडकाच्या कातडीतून इटालियन औषधशास्त्रज्ञ एर्स्पामेर आणि मंडळींनी 1960 च्या दशकात सेरुलिन नावाचा पदार्थ वेगळा केला. आपल्या आतड्यातलं एक संप्रेरक स्वादुपिंडाला 'सोड रस' असा हुकूम देतं, त्याची ही नक्कल. बारक्या उंदराला दर तासाला एक अशी सहा ते दहा इंजेक्शनं दिली की हुकमांच्या माऱ्याने ग्रंथी बावचळते आणि सुजते. पण हा आजार सौम्य. काही दिवसांत उंदीर आपला आपण बरा होतो. आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखण्यावर औषध यशस्वी करून दाखवणं किती अवघड असेल, तुम्हीच बघा.

सेरुलिन महाग असतं, आमच्या कॉलेजाला परवडणारं नव्हतं. म्हणून मी आर्जिनिन वापरलं. तेच अमिनो आम्ल, जे जिमवाली मुलं पावडरीतून घेतात. माझा डोस मात्र अफाट होता, पोटात, एका तासाच्या अंतराने दोनदा. आधी द्रावणाचा पीएच थेंब थेंब टाकत सातवर आणायचा. तो चुकला तर उंदीर रोगाने न मरता नुसत्या आम्लाने किंवा अल्कलीने मरतो, आणि तुम्ही थिसिसमध्ये भलतंच लिहून बसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्याचं झाकण उघडलं की कळायचं. एरवी झाकणाचा आवाज झाला की नाक वर करून येणारे उंदीर कोपऱ्यात बसलेले असायचे. पाठीची कमान झालेली, डोकं पुढच्या पायांत, केस उभे राहून फिसकारलेले. डोळ्यांभोवती लाल कडं. पहिल्यांदा मी रक्त समजून धावत मामांकडे गेले. ते रक्त नसतं, त्रासलेल्या उंदराच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून लालसर स्राव येतो. मामांनी पिंजऱ्यात डोकावून जीभ टाळ्याला लावून च्यक केलं आणि पाण्याची बाटली उगाचच पुन्हा नीट लावली.

माझं औषध एका झाडाचा अर्क होतं. झाडाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर दिवाळीपर्यंत कुणीतरी त्याचा काढा फॉरवर्ड करील. रचना अशी: अर्क सात दिवस रोज तोंडातून, पुढे गोळी असलेल्या वाकड्या सुईने. सातव्या दिवशी अर्क दिल्यावर एका तासाने आर्जिनिनचं पहिलं इंजेक्शन. तो क्षण म्हणजे शून्य तास. पुढचं सगळं त्यावरून मोजायचं, चोवीसावा तास, अठ्ठेचाळिसावा, बहात्तरावा. वहीत मी तो लाल शाईने गोल करून ठेवायचे.

तिसऱ्या दिवशी भूल देऊन रक्त घ्यायचं आणि पोट उघडायचं. आपलं स्वादुपिंड कसं हातात धरता येईल असं एकसंध असतं, उंदराचं तसं नसतं. प्लीहेचं टोक चिमट्याने उचललं की तिच्या मागोमाग फिकट गुलाबी, ओल्या टिश्यूपेपरसारखं काहीतरी उलगडत येतं, तेच. ते आधी काढायचं, बाकी सगळं नंतर. कारण मेल्यावर स्वतःला पचवायला सर्वांत आधी तेच सुरुवात करतं. दोन-चार मिनिटं उशीर झाला तरी खाली सूक्ष्मदर्शकात रोग कुठला आणि उशीर कुठला ते सांगता येत नाही. आर्जिनिनवाल्या गटात ते सुजून भिजवलेल्या साबुदाण्यासारखं काचेरी झालेलं. माझ्या अर्काच्या गटात बरंच निरोगी. स्लाइडवर कुठल्या गटाचा उंदीर ते लिहिलेलं नव्हतं, विकृतिशास्त्राच्या सरांनी सूज, पेशींचा नाश, रक्तस्राव यांना शून्य ते चार गुण दिले. गटांची नावं उघडली तेव्हा माझे आकडे इतके सुंदर आले की आलेखातल्या खांबावर मला तीन चांदण्या काढता आल्या, म्हणजे हा फरक नुसत्या योगायोगाचा नसावा अशी आकडेशास्त्राची खूण. ज्यांनी थिसिस केलाय त्यांना तीन चांदण्यांचं सुख माहीत आहे.

एक गोष्ट मात्र थिसिसमध्ये नाही. मुख्य प्रयोगाच्या आधी चाचपणीसाठी सहा उंदीर वेगळे मंजूर झाले होते. त्यातल्या तिघांना अर्क आणि मग आर्जिनिन द्यायचं ठरलं होतं. ज्या दिवशी अर्क सुरू करायचा त्याच दिवशी तारखांचा घोळ झाला, माझ्या सीनियरने सकाळीच तिघांना आर्जिनिन देऊन टाकलं. मला फोन केला, "तू येऊन लगेच अर्क सुरू कर, बघू काय होतं." मी तेव्हा कुर्ल्याला, रुळांवर पाणी साचून उभ्या राहिलेल्या लोकलमध्ये होते. पोचले तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. म्हणजे सात-आठ तास उलटलेले. तेव्हापासून तीन दिवस मी इमानेइतबारे अर्क दिला. तिघांचंही स्वादुपिंड साबुदाणा. ज्यांना अर्क न देता नुसतं आर्जिनिन दिलं होतं त्यांच्याइतकंच. तीन उंदरांवरून काही सिद्ध होत नाही, हे खरंच आहे. मी तेच कारण स्वतःला दिलं आणि ती पानं वहीतच राहू दिली.

व्हायव्हाला आलेले बाहेरचे परीक्षक वयस्कर होते, अर्धा वेळ डोळे मिटून ऐकत होते. शेवटी एकच प्रश्न विचारला. "शून्य तासाच्या आधी दिलंत. नंतर देऊन पाहिलंत?"

"फ्युचर स्कोप, सर," मी म्हणाले.

सगळे हसले. तेही हसले. मला चांगले गुण मिळाले.

त्या एका शब्दाकडे माझं तेव्हा लक्ष गेलं नव्हतं. 'संरक्षक'. असे सगळे पेपर 'अमुक पदार्थाचा संरक्षक परिणाम' याच मथळ्याने येतात. छत्री संरक्षक असते, पण ती पाऊस पडायच्या आधी उघडलेली असावी लागते. चिंब भिजलेल्या माणसाच्या हातात छत्री दिली तर तो आपल्याकडे बघतो, त्या बघण्याला मराठीत अनेक शब्द आहेत.

पुढे मी मेडिकल रायटिंगच्या नोकरीला लागले आणि माणसांवरच्या चाचण्या वाचणं हाच धंदा झाला. तिथे या रोगावरच्या औषधांचं स्मशान आहे म्हटलं तरी चालेल. ट्रिप्सिनला थेट आवर घालणारी औषधं, ॲप्रोटिनिन, गॅबेक्झेट: प्राण्यांत छान, माणसांत निराशा. लेक्सिपाफँट हे सुजेची साखळी तोडणारं औषध होतं, सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांत माणसांतही बरं दिसलं. मग ब्रिटनमध्ये 290 रोग्यांवर मोठी चाचणी झाली, 2001 मध्ये प्रसिद्ध झाली, उपयोग नाही. त्या अहवालातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. अवयव निकामी होऊ नयेत म्हणून औषध द्यायचं होतं, आणि दाखल होतानाच 44 टक्के रोग्यांचा एखादा अवयव निकामी झालेला होता. पाऊस पडून गेला होता.

2007 मध्ये अँटिऑक्सिडंटांची छोटी चाचणी आली, 43 रोगी. व्हिटॅमिन सी, सेलेनियम, एन-ॲसिटिलसिस्टीन शिरेतून. फायदा नाही. माझा अर्कही अँटिऑक्सिडंट म्हणूनच मिरवत होता, म्हणून हे जरा लागलं.

पण मन घट्ट करून वाचावी अशी चाचणी नेदरलँड्सची. नाव प्रोपॅट्रिया, 2008, म्हणजे मी उंदरांना पिवळे डाग लावत होते त्याच्या आदल्याच वर्षी. या रोगात आतड्यातले जंतू भिंत ओलांडून मेलेल्या स्वादुपिंडात शिरतात आणि माणूस त्या जंतुसंसर्गाने जातो. मग चांगले जंतू आतड्यात सोडले तर? प्रोबायोटिक, दह्याच्या नात्यातलं, त्याने कुणाचं काय वाईट होणार? उंदरांत परिणाम चांगला होता. रोग गंभीर होईल अशी चिन्हं असलेले 298 रोगी घेतले. प्रोबायोटिक मिळालेल्या गटात 16 टक्के मेले, न मिळालेल्या गटात 6 टक्के. नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला होता, नऊही प्रोबायोटिकच्या गटातले. हे वाचल्यानंतर 'नैसर्गिक आहे, अपाय काही नाही' हे वाक्य कुणी माझ्यासमोर बोललं की माझा आवाज चढतो. घरच्यांना सवय झालीय.

मग उंदीर खोटं बोलतात का? मला तसं वाटत नाही. आपण त्यांना सोपा प्रश्न विचारतो आणि उत्तर अवघड प्रश्नाखाली लिहितो. याचा पुरावाही आहे. पित्तनलिकेत दुर्बीण घालून करायची एक तपासणी आहे, ईआरसीपी. तिच्यानंतर काही जणांना हाच रोग होतो. इथे शून्य तास आधीच माहीत असतो, डॉक्टरच्या डायरीत लिहिलेला असतो, मंगळवार, सकाळी साडेदहा. अमेरिकेत 602 जोखमीच्या रोग्यांना तपासणी झाल्या झाल्या एक तर इंडोमेथॅसिनची गुदमार्गे द्यायची गोळी दिली किंवा नुसती बनावट. 2012 चा निकाल: बनावट गोळीवाल्यांत 16.9 टक्क्यांना रोग झाला, औषधवाल्यांत 9.2 टक्क्यांना. जुनं, स्वस्त, सांधेदुखीचं औषध. रोगी उंदरासारखा वेळेवर हजर होता, म्हणून चाललं.

भाऊ तसे हजर नव्हते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शनिवारी रात्री माझ्या चुलतभावाच्या मुलाचं बारसं झालं, जेवणात मटणही होतं आणि जिलबीही. रविवारी दुपारी काकूचा फोन. "अगं, ह्यांचं पोट दुखतंय रात्रीपासून. वर, बरगड्यांच्या मध्ये. पाठीत जातंय म्हणतात. दोनदा उलटी झाली."

"जड झालं असेल जेवण."

"उताणं पडवतच नाही. रात्रभर गॅलरीत स्टुलावर पुढे वाकून बसलेत. तसं बसलं की बरं वाटतं म्हणतात."

जगातल्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात या रोगाचं पान उघडा. वरच्या पोटातून पाठीत जाणारी कळ, पुढे वाकून बसल्यावर आराम. माझ्या थिसिसच्या पान तीनवर मीच ते लिहिलं होतं. आणि मी काकूला म्हणाले, "गॅस असतील. ओवा दे, गरम पाणी दे. अँटासिड आहे ना घरात?" माझी त्या दिवशी एका कामाची मुदत होती. लॅपटॉप मांडीवरच होता.

सोमवारी सकाळी चाळीतल्या पोरांनी खुर्चीत बसवून त्यांना खाली आणलं आणि टॅक्सीत घातलं. मी थेट वॉर्डात पोचले. रक्तात लायपेज, म्हणजे तेच चरबी पचवणारं द्रव्य, हजारांच्या घरात. निदानाला नेहमीच्या तिप्पट पुरतं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे. दुखणं सुरू झाल्याला छत्तीस तास होऊन गेले होते. मी मनात मोजलं, शून्य तास शनिवारी रात्री अकराच्या सुमारास, आणि माझा ओवा सोळाव्या तासाला.

वॉर्डातला निवासी डॉक्टर माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान. डोळे तारवटलेले, बोलणं नेमकं. काकूने विचारलं, "औषध काय चालू केलंय?"

"आजी, यावर असं खास औषध नाही. सलाइन देतोय, दुखण्याचं इंजेक्शन देतोय, लघवी मोजतोय. बहुतेक जण तेवढ्यावर बरे होतात. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे."

सलाइन म्हणजे रिंगर लॅक्टेट. त्याचीही एक कथा आहे. बरीच वर्षं समज होता की या रोग्याला पाणी धो धो द्यावं. मग स्पेन, इटली, मेक्सिको आणि भारत अशा चार देशांतल्या रोग्यांवर एक चाचणी झाली, 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. 249 रोग्यांनंतर ती मध्येच थांबवावी लागली. धो धो पाणी दिलेल्यांपैकी 20.5 टक्क्यांच्या अंगात पाणी जास्त झालं, बेताने दिलेल्यांत 6.3 टक्के. रोग मात्र दोन्हीकडे सारखाच वाढत होता. इतक्या रेणूंच्या मागे धावून शेवटी जो खरा प्रश्न निघाला तो पाणी किती द्यायचं हा. मी भाऊंच्या बाटलीतून पडणारे थेंब घड्याळ लावून मोजले. बेताने चालू होतं. पोरगा हुशार होता.

काकू माझ्याकडे वळली. तिच्या स्वरात टोचणी नव्हती, खरंच आशा होती. "तू तर याच्यावरच शिकलीस ना गं? इथे राहून करायचीस ते? तुझं ते औषध?"

"काकू, ते आधी द्यायचं असतं."

"आधी म्हणजे कधी?"

"दुखायला लागायच्या सात दिवस आधीपासून."

काकूने जरा विचार केला. "म्हणजे मागच्या शनिवारपासून," ती म्हणाली. आणि पिशवीतून नॅपकिन काढून भाऊंच्या कपाळावरचा घाम टिपू लागली.

भाऊ सुदैवी ठरले. तिसऱ्या दिवशी दुखणं उतरलं, डॉक्टरांनी मऊ भात खायला दिला. पूर्वी कितीतरी दिवस उपाशी ठेवायचे, ग्रंथीला विश्रांती म्हणून, आता तसं करत नाहीत. पित्ताशय काढायचं ऑपरेशनही झालं. बिडी सुटली, तळलेलं खाणं सुटलं नाही.

दिवाळीनंतर मी फराळाचा डबा घेऊन गेले तेव्हा ते गॅलरीत बसले होते. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. खालची गल्ली रिकामी होती. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"तुझ्या त्या उंदरांना हाच रोग द्यायचीस ना?"

"हो."

"दुखण्यावर काही द्यायचीस त्यांना?"

"नाही."

"का?"

"काही दुखण्याची औषधं सूजही कमी करतात. मग माझ्या औषधाने किती कमी झाली ते कळलं नसतं. तसं फॉर्ममध्ये लिहून द्यावं लागतं."

"काय लिहिलंस?"

"निष्कर्षांवर परिणाम होऊ नये म्हणून."

भाऊंनी मान हलवली. कंडक्टर असताना सुट्टे नसलेल्या माणसाचं ऐकून घेताना हलवायचे तशी. मग म्हणाले, "आणि त्यांना दुखतंय ते तुला कळायचं कसं?"

"खायचे नाहीत. केस उभे राहायचे. पाठीची कमान करून, पुढे वाकून कोपऱ्यात बसायचे."

भाऊ खाली गल्लीकडे बघत राहिले.

"वाकून बसलं की जरा बरं वाटतं," ते म्हणाले.